चिमूटभर वीज

मशीनला भांडण कळत नाही, अंतर तेवढं कळतं. अकोल्याच्या आमच्या तुळजाई लेआऊटमधल्या विसावा केंद्राच्या मशीनने माझा पत्ता घेतला, सगळ्यांत जवळचं घर शोधलं आणि माझी सावड उज्ज्वला हिंगणकर यांच्याशी लावून ते मोकळं झालं. उज्ज्वला हिंगणकर म्हणजे माझी सख्खी मोठी जाऊ. तिच्याशी मी सात वर्षांत एक शब्द बोलले नव्हते.

"दुसरं कोणी नाही का?" मी केंद्रातल्या स्नेहल गावंडेला विचारलं. ही तिथली इंजिनीअर. पोरगी हुशार, पण चेहरा कायम पेपर तपासत असल्यासारखा.

"आहेत ना. पण ते तीन गल्ल्या पलीकडे. तुमच्या दोघींमध्ये नुसती मागची भिंत आहे, मॅडम. रोज दोनदा बॅटरी न्यायची-आणायची, तीही आपल्या उन्हात. जितकं जवळ तितकं चांगलं." तिने पडद्यावर पुन्हा पाहिलं. "आडनावही एकच दिसतंय. नातेवाईक आहेत का?"

"होत्या," मी म्हणाले.

आता हे सावड प्रकरण काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जुन्या लॅपटॉपची बॅटरी कशी सांभाळावी हे आपल्यातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि सांभाळत कोणीच नव्हतं. वीस टक्क्यांच्या खाली उतरू देऊ नका, ऐंशीच्या वर चढवू नका, रात्रभर चार्जरला लटकवून ठेवू नका, गादीवर ठेवून तापवू नका, उन्हातल्या गाडीत विसरू नका. आपण यातलं एकेक सगळं केलं. बॅटरी फुगली की नवी आणली. मग जगभर लिथियमचा तुटवडा पडला, आयात आटली आणि नियम आला: घरटी लॅपटॉपची एकच बॅटरी, आणि ती दहा वर्षं टिकवायची. नाही टिकली तर प्रतीक्षायादीच्या शेपटाला जाऊन उभं राहायचं.

ही नवी बॅटरी शुद्ध लिथियम धातूची. वहीएवढी चपटी, कोणत्याही लॅपटॉपला चालणारी, आणि ती बसवल्याशिवाय लॅपटॉप घरच्या विजेवरही सुरू होत नाही. जुनीपेक्षा दुप्पट वीज धरते, पण तिची एक खोड आहे. चार्ज करताना आत लिथियमचा पातळ थर बसतो, वापरताना तो विरघळून माघारी जातो, आणि या ये-जा करण्यात दर वेळी थोडे कण थरापासून तुटतात. त्यांच्याभोवती कवच धरतं आणि ते तिथेच निकामी पडून राहतात. शास्त्रज्ञ त्यांना मृत लिथियम म्हणायचे. असे कण साठत गेले की बॅटरीची ताकद उतरत जाते.

शोध लागला तो असा, की हे कण मेलेले नसतात. बॅटरी पूर्ण रिकामी करून थंडाव्यात पंधरा दिवस पडू दिली, तर कणांभोवतीचं कवच हळूहळू विरघळतं. पुढच्या चार्जिंगला नवा थर बसतो तो या सुट्या कणांना पुन्हा पोटात घेतो. थोडक्यात, बॅटरी आराम करून बरी होते. अट एकच. पूर्ण रिकामी.

"दुधाच्या पातेल्याला खरवड धरते बघा," स्नेहलने आम्हा बायकांना पहिल्या दिवशी समजावलं होतं. "ती काढायची तर पातेलं आधी रिकामं करावं लागतं. तळाशी घोटभर दूध ठेवून कितीही वेळ थांबा, खरवड सुटत नाही."

पण निम्मा काळ बॅटरी झोपणार, तर काम कशावर करायचं? त्यावर आपल्या सरकारने जुनंच औत काढलं. पूर्वी ज्याच्याकडे एकच बैल असायचा तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी जमवायचा. आज तुझं वावर, उद्या माझं. तीच ही सावड. दोन घरं, दोन बॅटऱ्या. पंधरा दिवस एकीची बॅटरी दोन्ही घरांसाठी राबते, दुसरीची विसावा घेते. मग उलट. एकीने सकाळी वापरायची, दुसरीने संध्याकाळी.

सकाळ माझी होती. मी नर्सिंग कॉलेजांतल्या कर्णबधिर मुलींसाठी काम करते. वर्गात सिस्टर जे बोलतात ते घरी बसून ऐकायचं आणि तिथल्या तिथे लिहायचं, म्हणजे मुलींना समोरच्या पडद्यावर वाचता येतं. हे काम मशीनही करतं, आणि बरं करतं, पण आमच्या सिस्टर बोलता बोलता मध्येच "थे सलाईन कोन पाहून रायली वं?" म्हणाल्या की मशीन नुसती टिंबं टाकतं. उन्हाळ्यात सकाळी दहापासून पाचपर्यंत घरांची वीज बंद असते, त्यामुळे बॅटरी नाही तर मी नाही, आणि मी नाही तर त्या मुलींचा वर्ग मुका. त्यांची परीक्षा जूनमध्ये होती. आम्रपाली नावाची एक मुलगी वर्ग संपला की मला रोज एकच ओळ लिहायची: "मॅडम, आज सगळं ऐकू आलं." त्या एका ओळीसाठी मी बॅटरीला जिवापाड जपत होते.

संध्याकाळ जाऊबाईंची. त्या ब्लाउजचं कटिंग करतात. बाई नागपुरात असो नाहीतर दुबईत, लॅपटॉपवर तिची मापं घेतात, पडद्यावर आखणी करतात आणि जिथे शिवायचं तिथे पाठवून देतात. हात असा बसलेला आहे की गिऱ्हाइकं वाट बघतात. हे मला कबूल करावं लागतं.

आणि आमचं भांडण? सासूबाई दवाखान्यात होत्या. मी त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून वर्ग लिहीत होते, कारण त्या दिवशीही मुली वर्गात बसल्याच होत्या. जाऊबाई डबा घेऊन आल्या आणि दहा नातेवाइकांसमोर म्हणाल्या, "हिले लॅपटॉपच्या पलीकडचं माणूस दिसते तरी काय?" त्यानंतर सासूबाई चारच दिवस होत्या. मी त्या वाक्यासकट घरी आले आणि बोलणं बंद केलं. त्यांनीही काही पायघड्या घातल्या नाहीत. आमचे नवरे मात्र सख्खे भाऊच राहिले. दर रविवारी एकमेकांकडे क्रिकेट बघायचे आणि आमच्याकडे कानाडोळा करायचे.

दिवाळीनंतर सावड सुरू झाली. बॅटरी पोळ्यांच्या चपट्या डब्यात घालायची, डबा भिंतीवर ठेवायचा, झाकणावर दोनदा टकटक करायचं आणि आत निघून जायचं. पलीकडून चपलांचा आवाज आला की समजायचं, पोचली. बोलायची गरजच नव्हती. मला वाटलं, हे असं दहा वर्षं चालू शकेल.

बॅटरीच्या बाबतीत मी किती काटेकोर आहे, हे लेआऊटमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. विसाव्याला मातीची रांजणी असते, एकात एक बसवलेली दोन मडकी आणि मध्ये वाळू. ती वाळू मी सकाळ-दुपार-संध्याकाळ ओली करायचे. रांजणी माजघरातल्या कोपऱ्यात, वर कापसाची गादी, दार लोटलेलं. जाऊबाई लेआऊटभर सांगत सुटल्या होत्या, की आमची प्रणिता बॅटरीचं बाळंतपण करते. हे मला शैलेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हसत हसत सांगितलं. मी हसले नाही.

माझी बॅटरी कामावर असायची तेव्हा पंधरवड्याच्या शेवटच्या संध्याकाळी ती जाऊबाईंकडे असायची. त्यांनी ती पूर्ण रिकामी करायची आणि मला परत द्यायची, मी ती रांजणीत निजवायची. त्यांची असायची तेव्हाही शेवटची संध्याकाळ त्यांचीच. ती त्या रिकामी करून आपल्याच घरच्या रांजणीत ठेवायच्या. दोन्ही वेळी रिकामी करणारा हात एकच होता. हे ध्यानात ठेवा, कारण माझ्या डोक्यात पुढे जे किडे वळवळले ते इथूनच.

दर महिन्याला केंद्रात तपासणी व्हायची. सुरुवातीला माझी बॅटरी चौऱ्याऐंशी गुणांची, त्यांची ऐंशीची. पासष्टच्या खाली गेली की बॅटरी जमा होते, सावड मोडते. संक्रांतीपर्यंत माझी घसरून अठ्ठ्याहत्तरवर आली आणि त्यांची पंच्याऐंशीवर चढली. होळीला माझी सत्तर.

"उष्णतेचा डाग कुठेच नाही," स्नेहल मशीनमध्ये डोकावत म्हणाली. "काळजी उत्तम घेतली आहे. विसावा तेवढा लागलेला नाही. रिकामी होऊनच येते ना?"

"चारही दिवे विझलेले असतात."

"मग मला समजत नाही. दुसऱ्या मॅडमची तर मस्त बरी होतेय."

मला मात्र समजलं, किंवा मला तसं वाटलं. रांजणी माझी, वाळू माझी, पाणी माझं. चूक माझ्याकडे नव्हती. मग उरलं कोण? स्वतःची बॅटरी फुलासारखी आणि माझी अशी. घरी येऊन मी शैलेशला हे सगळं ऐकवलं.

"वहिनी असं नाही करणार," तो म्हणाला.

"मी काय म्हटलं, त्या मुद्दाम करतात?"

"नाही, पण तू भांडी जरा जोरात ठेवून रायली."

दुसऱ्या दिवशी टकटकीची वाट बघत आत न बसता मी डबा घ्यायला भिंतीपाशीच थांबले. जाऊबाई आल्या, मला पाहून थबकल्या, डोक्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"ताई," मी म्हणाले. सात वर्षांनंतरचा पहिला शब्द, आणि तोही भांडायला. "माझी बॅटरी तुम्ही नीट रिकामी करता ना?"

"म्हणजे? टेबलफॅन लावून ठेवते, थो बंद पडेपर्यंत. पूरी रिकामी."

"मग ती उतरते कशी? तुमची तर चढतेच आहे."

"मले काय ठाऊक? बाळंतपण तू करून रायली, तूच सांग."

"माझ्या रांजणीत काही चूक नाही."

"मंग माही आहे म्हणतं?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"म्हटलं नाही, पण तोंडावर लिहून आहे," त्या म्हणाल्या आणि डबा भिंतीवर ठेवून निघून गेल्या. टकटकसुद्धा केली नाही.

पुढच्या तपासणीला माझी बॅटरी सदुसष्टवर आली. स्नेहलने मला आत बोलावलं आणि दार लावलं.

"मॅडम, पुढच्या वेळी ही जाणार. नियमात एक वाट आहे, ती तुम्हाला सांगणं माझं काम आहे. एकीच्या हाताळणीने दुसरीची बॅटरी खराब झाली असं तुम्ही म्हणालात, तर आम्ही त्यांची बॅटरी तुमच्या नावावर करू शकतो. आकडे तुमच्या बाजूचे आहेत. मला फोनवर नुसतं हो म्हणा."

"आणि त्यांचं काय?"

"त्या यादीत जातील. दोनेक वर्षं तरी."

दोनेक वर्षं. म्हणजे दुबईच्या बायका दुसऱ्या कोणाकडे वळणार आणि त्या हातातली कात्री नुसती टेबलावर पडून राहणार. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही, खोटं कशाला बोलू. मग आम्रपालीची ओळ आठवली. परीक्षा तोंडावर आली होती. अकरा मुली होत्या वर्गात. मी मनाशी ठरवलं, अक्षय्य तृतीयेचा सण जाऊ दे, दुसऱ्या दिवशी फोन करायचा आणि हो म्हणायचं.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांची घागर भरतात. सासूबाईंची घागर थोरल्या घरी, म्हणजे जाऊबाईंकडे असते. शैलेश जेवायला तिकडे जातो, मी जात नाही. पण सासूबाईंना माझ्या हातची चिंचोणी आवडायची. चिंच, गूळ, थोडं तिखट, आणि त्या वाटीला तोंड लावून प्यायच्या. दर वर्षी मी ती करते आणि शैलेशबरोबर डबा पाठवते. तेवढं मी कधी चुकवलं नाही. ते जावेसाठी नव्हतंच.

त्या वर्षीही पाठवला. तिसऱ्या प्रहरी भिंतीवर टकटक झाली. माझी बॅटरी तर रांजणीत निजलेली होती, चारच दिवसांपूर्वी परत आलेली, आणि आज सणाची सुट्टी. मी जाऊन पाहिलं तर चिंचोणीचा डबा. एरवी तो शैलेश घेऊन यायचा आणि सरळ घासायला टाकायचा, त्यामुळे मी कधी उघडून बघितला नव्हता. त्या दिवशी तो जेवून तिथेच लवंडला असावा. डबा घासून पुसून लख्ख. सहज झाकण उघडलं.

तळाशी चिमूटभर साखर होती.

मी लग्न होऊन आले त्या पहिल्या महिन्यात शेजारणीची वाटी तशीच धुऊन परत द्यायला निघाले होते. सासूबाईंनी दारात अडवलं होतं. "कोणाचं भांडं रिकामं माघारी देऊ नये वं. देणाऱ्या घराले वाटते, आपलं काही पोचलंच नाही." त्यांनी त्या वाटीत चार शेंगदाणे टाकले आणि मगच मला जाऊ दिलं.

मी डब्यातल्या साखरेकडे बघत उभी राहिले. मग माजघरात गेले, रांजणीवरची गादी काढली आणि बॅटरी बाहेर घेतली. विसावा चालू असताना बॅटरीला हात लावायचा नाही, असा नियम आहे. मी तो आयुष्यात पहिल्यांदा मोडला. चारही दिवे विझलेले. बॅटरी लॅपटॉपमध्ये बसवली आणि बटण दाबलं. खरोखर रिकामी असती तर काहीच झालं नसतं.

पडदा उजळला. तारीख उमटली, वेळ उमटली, आणि लगेच सगळं काळं झालं.

एवढीच वीज होती तिच्यात, पहिला दिवाही लागणार नाही एवढी. चिमूटभर.

मी भिंतीवरून हाक मारली नाही. चपला घातल्या आणि पूर्ण वळसा घालून त्यांच्या पुढच्या दाराने गेले. बैठकीत दोघे भाऊ आमरसाने जड होऊन आडवे झाले होते. जाऊबाई स्वयंपाकघरात उरलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या. मला दारात पाहून त्यांचा हात थांबला.

"ताई, माझी बॅटरी परत देताना तुम्ही तिच्यात चार्ज टाकता?"

"टाकते थोडा," त्या सहज म्हणाल्या. "पैले पूरी रिकामी करते, तुले सांगतलं ना. मंग उगा जराशी लावते आन दिवा लागायच्या आत काढून घेते."

"पण का?"

"काऊन म्हणजे? तुही वस्तू तुह्या घरी रिकामी कशी धाडू? आईनं तुले शिकवलं नाही काय?"

"आणि तुमची स्वतःची?"

"माही तं माह्याच घरी राहते. तिच्यात कायले टाकू?"

मी तिथेच ओट्याला टेकून खाली बसले. आधी हसू आलं आणि ते थांबेना, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तेही थांबेना. जाऊबाई घाबरल्या. त्यांनी माठातलं पाणी आणून दिलं आणि माझ्यासमोर फरशीवर बसल्या.

मी त्यांना खरवडीचं सांगितलं. तळाशी घोटभर दूध राहिलं की खरवड सुटत नाही, तसंच हे. जराशी वीज राहिली की लिथियमचा थर तसाच राहतो, कवच विरघळत नाही. पहिल्या दिवशी स्नेहलने हे सांगितलं तेव्हा त्या केंद्रात आल्याच नव्हत्या, नवऱ्याला, म्हणजे मुकुंदभाऊजींना, पाठवलं होतं. भाऊजींनी घरी येऊन एवढंच सांगितलं होतं, की रिकामी करायची आणि द्यायची.

त्यांचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे म्याच मारली तिले?"

"अजून मेली नाही."

"मले वाटलं, एवढ्याशानं काय होते." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तवा दवाखान्यात बोलली ते बोलली. ते काही वापस घेता येत नाही. पण तुह्या घरी रिकामं कधी नाही धाडलं, प्रणिता."

मी फोनचं सांगून टाकलं. उद्या हो म्हणणार होते, तुमची बॅटरी माझ्या नावावर होणार होती. लपवावंसं वाटलं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या उठल्या, कुरडयांच्या डब्याचं झाकण लावलं.

"मंग बरं झालं, चिंचोणी आजच केली," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिळून केंद्रात गेलो. स्नेहलने सगळं ऐकलं आणि प्रथमच तिचा पेपर तपासणारा चेहरा मोडला. ती खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, "थांबा, थांबा. म्हणजे हे आहे होय." गेले काही महिने पुण्याच्या प्रयोगशाळेतले लोक डोकं खाजवत होते. विसावा प्रयोगशाळेत लागतो, मग वऱ्हाडात निम्म्या बॅटऱ्यांना का लागत नाही? त्यांनी उष्णता तपासली, धूळ तपासली, माठाची मातीसुद्धा तपासली. आमच्या बायकांना कोणी विचारलं नव्हतं, आणि आमच्या बायकांना त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं. पुण्यात ही अडचण आली नव्हती, असं स्नेहलने अगदी गंभीरपणे सांगितलं.

"आता यांच्या बॅटरीचं काय?" जाऊबाईंनी विचारलं.

"एवढी उतरल्यावर पंधरा दिवस पुरणार नाहीत. सलग दीड महिना निजवावी लागेल, खरोखर रिकामी. वर येईल असं मला वाटतं, खात्री देत नाही. पण तोवर दोन्ही घरांना तुमच्या एकटीचीच बॅटरी राहील. तिला विसावा मिळणार नाही, ती उतरेल."

"किती?"

"दहा गुण तरी."

"उतरू दे," जाऊबाई म्हणाल्या. "हिच्या पोरींची परीक्षा आहे."

मी कधी त्यांना परीक्षेचं सांगितलं नव्हतं. म्हणजे क्रिकेटच्या मधल्या वेळात भाऊ एकमेकांशी बोलत असणार.

तो दीड महिना आम्ही एका बॅटरीवर काढला. तिला उन्हातून नेणं-आणणं नको, म्हणून मीच लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे बसू लागले. पडद्याचा उजेड कमी, नको त्या खिडक्या बंद, ऐंशीच्या वर चार्जिंग नाही. जाऊबाईंनी टेबलाखाली ओली वाळू भरलेलं घमेलं ठेवलं आणि बॅटरीचं बाळंतपण त्या माझ्यापेक्षा कडक करायला लागल्या. पहिल्या दिवशी मी वर्ग लिहीत असताना त्या मागे उभ्या राहून पडद्यावर धावणाऱ्या ओळी वाचत होत्या. वर्ग संपला तशी आम्रपालीची ओळ आली: "मॅडम, आज सगळं ऐकू आलं."

"हे कोण?"

मी सांगितलं.

"तवा दवाखान्यात हेच लिहून रायली होती?"

"हेच."

"मले वाटलं, कोणाशी गप्पा मारून रायली." मग आत जाऊन माझ्यासाठी पन्हं घेऊन आल्या. पेला टेबलाच्या अगदी कडेला, लॅपटॉपपासून लांब ठेवला.

परीक्षा संपल्यावर तपासणी झाली. स्नेहलने माझी बॅटरी मशीनमध्ये सरकवली आणि आम्ही दोघी खिडकीशी उभ्या राहिलो. जाऊबाईंनी माझं मनगट धरलं होतं. त्यांना ते कळलंही नसावं. आकडा यायला वेळ लागतो, मशीन आधी थोडी वीज भरतं, मग काढतं, मग मोजतं.

"शहात्तर," स्नेहल म्हणाली. "कण परत येताहेत. असाच विसावा मिळाला तर दिवाळीपर्यंत ऐंशी ओलांडेल."

जाऊबाईंची बॅटरी एकोणनव्वदवरून अठ्ठ्याहत्तरवर आली होती. त्यांनी तो आकडा ऐकला आणि ब्लाउजचं माप ऐकावं तशी मान हलवली.

"आता दोन्ही बॅटऱ्या जवळपास सारख्या झाल्या," स्नेहल म्हणाली. "नवीन यादी लागतेय. तुम्हाला सावड बदलून हवी असेल तर आत्ता सांगा. प्रणिताताईंनी मागे विचारलं होतं."

"कवा विचारलं होतं?" जाऊबाई माझ्याकडे वळल्या.

"फार पूर्वी," मी म्हणाले. "नको, बदलायची नाही."

निघताना स्नेहलने भिंतीवर लावलेला नवा फलक दाखवला. साऱ्या वऱ्हाडातल्या केंद्रांत तो लागला होता. बॅटरी पूर्ण रिकामी करून द्यावी, असं वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरांत होतं, की परत देताना रिकामं देणं बरं वाटत नसेल तर काय ते डब्यात टाकावं, बॅटरीत टाकू नये. हे वाक्य सरकारी माणसाने लिहिलेलं नव्हतं, हे उघड होतं. स्नेहल दुसरीकडे बघत होती.

आम्ही उन्हातून घरी निघालो. बॅटरी माझ्या कुशीत, डब्यात, ओल्या फडक्याच्या घडीवर. आता पुन्हा पंधरवडे सुरू होणार, आणि पहिल्या पंधरवड्याला राबायची पाळी माझ्या बॅटरीची होती. लेआऊटच्या वळणावर जाऊबाई थांबल्या. इथून त्यांचा रस्ता वेगळा, माझा वेगळा, मध्ये फक्त ती भिंत.

"पंधरवडा सरला की रिकामीच देईन," त्या म्हणाल्या. "पूरी रिकामी. पण डब्यात काय टाकू, थे आत्ताच सांगून ठेव."

"काहीही टाका," मी म्हणाले. "फक्त साखर नको, ताई. मुंग्या येतात."